पावसाळ्यात मोबाईलवर पंचगंगा कशी बघायची

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळी उठल्या उठल्या एकच प्रश्न, "पाणी किती झालं?" आणि हा नळाच्या पाण्याचा प्रश्न नसतो, पंचगंगा नदीचा असतो. पूर्वी ह्याचं उत्तर आणायला घरातला कुणीतरी घाटावर जायला लागायचा. आमचे आप्पा सायकल काढायचे, शिवाजी पुलापर्यंत जाऊन यायचे आणि दारातूनच सांगायचे, "मच्छिंद्री व्हायला आलीय, खालची पोती वर घ्या." पुलाच्या दगडी खांबांचा माशासारखा दिसणारा भाग पाण्याला लागला की मच्छिंद्री झाली, एवढं गणित सगळ्या पेठेला पाठ होतं. फूट नाही, इंच नाही, क्युसेक तर कुणाच्या बापाला माहीत नव्हतं.

आता आप्पा खुर्चीतून हलत नाहीत, मोबाईलवर दर तासाला आकडा येतोय, चार ग्रुपवर चार वेगळे येतात आणि तरी ते मलाच विचारतात की सामान उचलायचं का नाही. त्यांचं चुकत नाही, कारण मच्छिंद्री बघून घर कधी हलवायचं ते कळायचं आणि ४३ फूट ऐकून आपल्या दारात पाणी येणार का ते कळत नाही. म्हणून हे लिहितोय. पावसाळ्यात एकदा निवांत बसून एवढं करून ठेवा.

सगळ्यात आधी आपल्या दाराचा आकडा काढा. बातमीत जी पातळी येते ती कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्याची असते, तिथं ३९ फुटाला इशारा पातळी आणि ४३ फुटाला धोका पातळी. पण ४३ झालं म्हणजे सगळं कोल्हापूर बुडलं असं नसतंय आणि ३८ आहे म्हणजे सगळे सुखरूप असंही नसतंय, कुणाच्या दारात ४४ ला पाणी येतं, कुणाच्या ५१ ला, आणि मंगळवार पेठेतल्या उंचावरच्या माणसाला ५६ ला पण फक्त नळाला पाणी नाही एवढाच त्रास. २०१९ ला ५५ फुटांच्या वर गेलं, २०२१ ला ५६ च्या वर, ह्या दोन्ही वेळचे फोटो बहुतेकांच्या मोबाईलमध्ये आहेत. ते उघडा, फोटोची तारीख वेळ बघा (व्हॉट्सअपवर आलेला नको, स्वतः काढलेला, फॉरवर्डची तारीख खोटी असते), पाणी तुमच्या पायरीला कधी लागलं ते शोधा आणि त्या दिवशीच्या बातमीत राजाराम बंधाऱ्यावर किती होतं ते बघा. झाला तुमचा आकडा. आमचा ५० च्या जरा आत आहे. मी तो मीटरच्या पेटीशेजारी ऑइलपेंटनं लिहून ठेवलाय, बायकोला आवडला नाही, पण आप्पांनी आता विचारायचं बंद केलंय. शेजारच्या काकूंनी तर त्याच्या खाली स्वतःचा आकडा खडूनं लिहिला, त्यांचा उंबरा आमच्यापेक्षा दोन पायऱ्या खाली.

नुसता दाराचा काढून पण भागत नाही, रस्त्याचा पण काढा. घर कोरडं आणि गल्लीच्या तोंडाला कमरेएवढं पाणी असं जयंती नाल्याच्या कडेनं हमखास होतं, कारण नदी फुगली की नाल्याचं पाणी नदीत जायच्या ऐवजी उलटं शहरात शिरतं. म्हातारी माणसं, आजारी माणूस, नाहीतर गाडी बाहेर काढायची तर रस्त्याचा आकडा महत्त्वाचा, घराचा नाही.

आता मेसेज. मेसेजमध्ये तीन गोष्टी नसतील तर तो वाचायचाच नाही: तारीख, वेळ, ठिकाण. "पंचगंगा ४२ फूट, सतर्क रहा" ह्याला काही अर्थ नाही, कुठल्या दिवशीची ४२? चढताना का उतरताना? मी हा धडा फुकट शिकलेलो नाही. चिखलीला माझे मामा आहेत, प्रयाग चिखली, जिथं नद्यांचा संगम होतो तिथलं, म्हणजे पुरात सगळ्यात पहिलं. एका रात्री मी त्यांना मेसेज ढकलला की अमुक फूट झालंय, रात्रीत अजून वाढणार, आणि झोपलो. मामांनी भर पावसात चार म्हशी आणि एक रेडकू सोनतळीला हलवलं. सकाळी कळलं मेसेज मागच्या वर्षीचा. मामांचा फोन आला, शिवी नाही काही नाही, शांतपणे म्हणाले, "भाच्या, म्हशी परत आणायला कधी येतोयस?" गेलो. रेडकू दोनदा सुटलं. तेव्हापासून मी तारीख नसलेला मेसेज कुणालाच पाठवत नाही.

आकडा कसा लिहिलाय तेही बघा. फुटाला बारा इंच असतात आणि लोक टाइप करताना ४०.५ असं करतात, आता हे ४० फूट ५ इंच का साडेचाळीस फूट? एक इंचाचा फरक आहे, चालून जातं. पण ४०.१० आणि ४०.१ ह्यात नऊ इंचाचा फरक पडतो आणि मोबाईलवर घाईत दोन्ही सारखेच दिसतात. त्यामुळं फूट आणि इंच असं स्पष्ट लिहिलेलाच मेसेज धरा. आणि एक आकडा कधीच बघू नका, दोन बघा. तीन तासांपूर्वी किती होतं आणि आता किती आहे, तासाला इंच चढतंय का अर्धा फूट, त्यावर तुमच्याकडं किती वेळ आहे ते ठरतं. आमचा ५० आणि आत्ता ४६ असेल, तासाला दोन इंच चढत असेल, तर चार फूट म्हणजे ४८ इंच, साधारण २४ तास. हा हिशोब अगदी बरोबर येत नाही कारण पाणी पसरायला लागलं की चढायचा वेग कमी होतो आणि वर पाऊस वाढला की परत वाढतो, पण फ्रीज आज उचलायचा का उद्या एवढं ठरवायला पुरतो.

मेसेजच्या शेवटी "इतके बंधारे पाण्याखाली" असं असतं ते बहुतेक जण सोडून देतात. सोडू नका. हे आपलेच कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्यात काढून ठेवतात, आणि ह्यांच्यावरून बऱ्याच गावांची जायची यायची वाट असते. शहराला अजून काही वाटत नसतं तेव्हा गावाकडं वाट बंद झालेली असते, दूधवाला आज का आला नाही ह्याचं उत्तर त्या ओळीत असतं.

मग येतं धरण. राधानगरीचे दरवाजे उघडले की ग्रुपवर "पाणी सोडलं, सोडलं" म्हणून बोंब सुरू, जणू कुणीतरी बटण दाबलंय. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरलेल्या पातळीला गेलं की पाण्याच्या दाबानंच उघडतात आणि उतरलं की आपोआप बंद होतात, वीज नाही, माणूस नाही, ॲप नाही. शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेलं धरण आणि अख्ख्या पुराच्या गोंधळात सगळ्यात शहाणं यंत्र तेच, असं माझं मत. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, वीजगृहातून साधारण १,५०० क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटरच्या थोडं वर, आपली पाण्याची मोठी घागर दीड दोन वेळा भरेल एवढं, दर सेकंदाला. सातही उघडले तर वीजगृह धरून साडेअकरा हजाराच्या आसपास, आणि तसं चोवीस तास चाललं तर जवळपास १ टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी नदीत येतं. राधानगरीची सगळी साठवण सव्वाआठ टीएमसीच्या थोडी वर. म्हणजे एक दरवाजा उघडला म्हणून सामान बांधायला घेऊ नका, पण सातही उघडलेत, शिवाय कुंभी, कासारी ह्या नद्यांकडं पण धो धो चाललंय आणि तुमचा आकडा पंचेचाळीसच्या आसपास आहे, तर रात्र व्हायची वाट बघू नका.

कर्नाटकात कृष्णेवर जे आलमट्टी धरण आहे त्याच्यामुळं आपल्याकडं पूर येतो का ह्यावरून चहाच्या टपरीवर भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. एवढं बघा की आलमट्टीची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि मेसेजमध्ये पातळी, आवक (धरणात येणारं पाणी) आणि विसर्ग (सोडलेलं पाणी) असे तीन आकडे असतात. आवकेपेक्षा विसर्ग कमी असेल तर तिकडं पाणी साठतंय. नुसता विसर्गाचा आकडा लाल अक्षरात टाकून कुणी ओरडत असेल तर आवक किती ते विचारा, बहुतेक वेळा पुढं शांतता.

हवामान खात्याचं रंगाचं पण नीट समजून घ्या. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार रहा, लाल म्हणजे हालचाल करा. आपल्याकडं गंमत अशी की कोल्हापूर घाटाचा इशारा वेगळा येतो. शहरात बारीक रिपरिप, लोक रंकाळ्यावर कणीस खातायत, आणि घाटाला रेड अलर्ट. लोक म्हणतात हवामान खातं काहीही सांगतंय. अहो ते घाटातल्या गगनबावड्याचं सांगतंय, आणि गगनबावड्यातलं पाणी खाली आपल्याकडंच येणार आहे. २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा जास्त पडलं की त्याला अत्यंत मुसळधार धरतात, घाटात असं दोन दिवस लागोपाठ झालं की कोल्हापुरात ऊन पडलं असलं तरी नदी चढते.

केंद्रीय जल आयोगाचं फ्लडवॉच इंडिया म्हणून ॲप आहे, २०२३ साली आलं, ते टाकून ठेवा. आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इमर्जन्सी अलर्ट चालू आहेत का बघा, तो मोठ्यानं कर्र वाजणारा मेसेज असतो ना तो. त्याला घाबरून आमच्या आत्यानं फोन ताटात टाकला होता, आमटी भरली, मग मुलाला सांगून अलर्टच बंद करून घेतला. बंद करू नका. तो टॉवरवरून सगळ्या फोनला एकदम जातो, त्यामुळं फोन लागत नसतील तेव्हासुद्धा येऊ शकतो, फक्त टॉवर जिवंत पाहिजे.

व्हिडिओचं आता अवघड झालंय. शिवाजी पुलाचा व्हिडिओ आला आणि ज्या बाजूनं शेजारचा नवा पूल दिसायला पाहिजे तिथं तो नसेल तर व्हिडिओ जुना, संपलं. एआयनं बनवलेले असतील तर दुकानाच्या पाट्या वाचा, मराठी अक्षरं अजून बऱ्याचदा गंडलेली असतात, "मिसळ" च्या जागी भलतंच काहीतरी. पुढं हेही सुधारेल, मग एकच उपाय, त्या भागात राहणाऱ्या माणसाला फोन. २०१९ ला हायवे शिरोलीजवळ पाण्यात गेला आणि पेट्रोल, दूध खरंच मिळेना, त्यामुळं आता कुणी पंपावरच्या रांगेचा जुना फोटो टाकला तरी अर्ध्या तासात खरी रांग लागते. तुमच्या गाडीत पेट्रोल असेल तर त्या रांगेत उभं राहू नका एवढीच विनंती.

आणि हे सगळं ज्याच्यावर चालतं ते यंत्र बंद पडणार हे धरूनच चाला. वीज गेली की काही तासांनी टॉवर जातो. म्हणून दहा नंबर वहीत लिहा, हाताने, कारण आज मला स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नाही. सातबारा, आधार, विम्याचे कागद ह्यांचे फोटो फोनमध्ये असू देत पण कागद पण प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर. पॉवर बँक ४० फुटालाच भरून ठेवा, ४८ ला नाही. इंटरनेट गेलं तरी साधा एसएमएस कधी कधी जातो, "सुखरूप, दुसरा मजला" एवढं लिहून पाठवा, फोन करत बसून बॅटरी संपवू नका.

शेवटचं म्हणजे उतरतानाचं पाणी. आकडा कमी व्हायला लागला की लोकांना घरी जायची घाई होते. पण नरसोबावाडीला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते तिथं, कृष्णा फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढं जायला वाट मिळत नाही, एक एक इंच करत दिवस काढते, मध्येच पावसाची एक सर आली की परत दोन इंच वर. सलग उतरत असेल आणि तुमच्या आकड्याच्या दोन फूट तरी खाली गेलं असेल तेव्हाच कुलूप काढा. मेन स्विच वायरमनला दाखवल्याशिवाय वर करायचा नाही, आणि गाळ ओला आहे तोवरच खराट्यानं ओढून काढा, वाळला की फावडं लागतं.