बुजलेला कायोटी आवाजावर बोलावताना

पश्चिम कॅन्ससमध्ये थंडी पडली की शनिवार-रविवारी कुरणांच्या कडेला पिकअप गाड्या दिसू लागतात. जानेवारी उजाडेपर्यंत इथल्या कायोटींनी (कोल्ह्यासारखा अमेरिकेतला रानटी प्राणी) शिकारी त्यांना बोलवायला वाजवतात ते जखमी सशाचं तेच रेकॉर्डिंग कितीदा तरी ऐकलेलं असतं आणि त्यामागून सुटलेली गोळीही. गायी व्यायच्या दिवसांत शेजारच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मोठ्या कुरणांवर, मी सात हिवाळे कायोटींना आवाजाने बोलावून टिपायचं काम करते आहे. अशा बुजलेल्या जनावरापुढे पुन्हा ससाच वाजवला, तर ते जागचं हलत नाही.

गाडी किलोमीटरभर अलीकडे, टेकाडाआड लावा. दार आपटू नका, खट्ट होईपर्यंत हाताने दाबून बसवा. फाटकातून सगळेच आत शिरतात, म्हणून रँचवाल्याला विचारून दुसरी वाट धरा. इथे जवळजवळ सगळी जमीन खाजगी आहे. शिकारीचा परवाना खिशात असला तरी मालकाची परवानगी लागतेच.

खरी मेख वाऱ्यात आहे. कायोटी सहसा सरळ आवाजावर येत नाही. वळसा घालून तो वारा जिकडे वाहतो त्या अंगाला जातो आणि नाकाने खात्री करून घेतो. बुजलेला तर हमखास. म्हणून वारा गालावर घेऊन बसा आणि तो जिकडे जातो तिकडची दीडशे मीटर जमीन तुमच्या नजरेत, बंदुकीच्या टप्प्यात मोकळी हवी. मी टाल्कम पावडरची छोटी डबी जवळ ठेवते. चिमूटभर उडवली की आपला वास कुठे चाललाय ते दिसतं. पाठीशी झुडूप असू द्या, नाहीतर आभाळावर तुमचं डोकं उठून दिसेल.

आवाजासाठी मला उघड्या पातीची शिट्टी आवडते. पातीच्या बुडाकडे ओठ ठेवले तर आवाज जाड, घोगरा येतो. टोकाकडे सरकवत नेलं की तो बारीक होत उंदराच्या चिरचिरीपर्यंत जातो. मी ही चिरचिरच आधी काढते, अगदी हळू, अर्धा मिनिट. कायोटी शंभर पावलांवर झोपलेला असू शकतो, मोठ्या आवाजाने तो उठून पळेल. मग चार-पाच मिनिटं गप्प. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ. तेव्हा एकट्या मादीची लांब कोल्हेकुई एकदाच द्यायची आणि दहा मिनिटं शांत राहायचं. दरडावणारी, भुंकत दिलेली हाळी टाळा, लहान नर तिने दबतात. शेवटी पिल्लाचं केकाटणं. यावर पोट भरलेलं जनावरही कधी कधी उठून येतं.

बहुतेक जण पंधरा मिनिटांत उठतात. तुम्ही चाळीस मिनिटं बसा. मागच्या फेब्रुवारीत चौतिसाव्या मिनिटाला मला युकाच्या (टोकदार पानांच्या रानटी झाडाच्या) झुडपामागे दोन कान दिसले. पावडर जिकडे गेली होती, बरोबर तिकडेच. नाक वर, तोंडातून वाफ, एक पुढचा पाय अधांतरी. मान वळवली असती तरी तो गेला असता. बंदूक आधीच गुडघ्यावर, त्याच दिशेला टेकवलेली होती म्हणून जमलं.

जनावराच्या मागे गुरं किंवा घर नाही याची खात्री होत नसेल तर चाप ओढू नका. लांबचा, अंदाजाचा नेमही नको, कारण चुकलेल्या गोळीतून वाचलेला कायोटी तो आवाज विसरत नाही. त्या जागी निदान तीन आठवडे फिरकू नका आणि परत जाल तेव्हा दुसऱ्या वाटेने, दुसरा आवाज घेऊन जा.