कंपनीचे पाहुणे म्हणून विम्बल्डनला जाताना

मार्च-एप्रिलच्या सुमाराला मेल येतो. लंडनमधला पुरवठादार, एखादी बँक किंवा सल्लागार कंपनी कळवते : जुलैत विम्बल्डन टेनिस स्पर्धेचा एक दिवस, सेंटर कोर्टची म्हणजे मुख्य मैदानातली जागा, जेवणखाण आमच्याकडे, जरूर या. बहुतेक जण तासाभरात होकार देतात आणि मग कपडे काय घालायचे याची चौकशी सुरू करतात. कपड्यांचं नंतर पाहू. आधी होकाराचं बघायला हवं.

१. हो म्हणण्याआधी

बोलावणाऱ्या कंपनीचं एखादं टेंडर, कराराचं नूतनीकरण किंवा बिलाचा वाद सध्या तुमच्या टेबलावर आहे का? असेल तर आभार मानून नाही म्हणा. नसेल, तर पुढे वाचा.

ब्रिटनचा २०१० चा लाचविरोधी कायदा १ जुलै २०११ पासून लागू झाला. त्याआधी तिथल्या कंपन्या धास्तावल्या होत्या, की आता ग्राहकाला मॅचला नेणंही गुन्हा ठरणार. तेव्हाचे न्यायमंत्री केनेथ क्लार्क यांनी मार्गदर्शक सूचनांच्या प्रस्तावनेत चक्क विम्बल्डनचं नाव घेऊन खुलासा केला, की अशा ठिकाणी ग्राहकांना नेऊन ओळखीपाळखी वाढवायला कुणाची आडकाठी नाही. मात्र खर्च वाजवी हवा आणि त्याच्या बदल्यात काही पदरात पाडून घेण्याचा हेतू नको.

आपल्याकडे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १९६४ च्या आचरण नियमांनुसार, ज्यांच्याशी कार्यालयीन संबंध येतो त्यांचा भारी पाहुणचार टाळावा लागतो. खासगी नोकरीत कंपनीची आचारसंहिता असते. ती उघडून वाचा आणि वरिष्ठांची परवानगी मेलवर घ्या, कँटीनमध्ये तोंडी नको. तुम्ही नोकरदार नसून वितरक किंवा व्यावसायिक असाल आणि आमंत्रण भारतातल्या कंपनीचं असेल, तर सीएला फोन करा. १ जुलै २०२२ पासून व्यवसायातून मिळणारे असे लाभ एका वर्षात २०,००० रुपयांवर गेले की १० टक्के टीडीएस लागतो, आणि कार्यक्रमाचं फुकट तिकीटही त्यात धरतात.

विमानभाडं आणि हॉटेल कोण देणार, हे पहिल्याच मेलमध्ये विचारा. माझ्या मते ते आपल्याच कंपनीने द्यावं. दिवसभराचा पाहुणचार घेणं वेगळं आणि आठवडाभराची सहल घेणं वेगळं.

२. व्हिसा आणि तिकीट

ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी मागता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. उन्हाळ्यात गर्दी असते, म्हणून एप्रिल-मेमध्येच अर्ज करा. सोबत यजमान कंपनीचं पत्र जोडा आणि कोणता खर्च कोण करणार हे त्यात स्पष्ट लिहून घ्या.

तिकीट कोणत्या प्रकारचं आहे हेही विचारायला लाजू नका. सोडतीत मिळणारी तिकिटं दुसऱ्याला विकता येत नाहीत, विकली तर ती बाद होतात. कायदेशीरपणे हस्तांतर होतं ते डिबेंचरधारकांच्या, म्हणजे क्लबचे रोखे घेऊन जागा मिळवणाऱ्यांच्या तिकिटांचं. स्पर्धा भरवणाऱ्या ऑल इंग्लंड क्लबने १९२० मध्ये चर्च रोडचं मैदान उभारायला हे रोखे काढले, आणि ती पद्धत आजही चालू आहे. २०२६ ते २०३० या पाच हंगामांसाठी सेंटर कोर्टच्या एका डिबेंचरची किंमत १,१६,००० पौंड होती. त्याशिवाय क्लबच्या अधिकृत हॉस्पिटॅलिटीची, म्हणजे जेवणखाणासकट पाहुणचाराची तिकिटं असतात. यजमानाने 'ओळखीतून जमवली आहेत' असं सांगितलं, तर मात्र सावध व्हा. फाटकावरून परत फिरायची वेळ यायला नको. तिकीट मोबाइलवर येतं, तेव्हा फोन चार्ज करून निघा.

३. कपडे आणि बॅग

पांढऱ्याची सक्ती फक्त खेळाडूंना आहे. पाहुण्यांसाठी नीटनेटकं एवढं पुरे. फाटकी जीन्स, मळके बूट, खेळाच्या शॉर्ट्स नकोत. खास निमंत्रितांच्या रॉयल बॉक्समध्ये नियम कडक असतात. २०१५ मध्ये फॉर्म्युला वनचा विश्वविजेता लुईस हॅमिल्टन जॅकेट-टाय नसल्यामुळे तिथे बसू शकला नव्हता. तुम्ही तिथे नसाल, तरी आमंत्रणावर जॅकेट लिहिलं असेल तर जॅकेट घालाच. साडी उत्तम, फक्त सोबत शाल किंवा स्वेटर असू द्या आणि टाचांचे सँडल हॉटेलवर ठेवा. जिने पुष्कळ आहेत. मोठ्या काठाची टोपी नको, मागच्याला कोर्ट दिसत नाही. घडीचा रेनकोट घ्या.

बॅग माणशी एकच, ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरपर्यंतची. सेल्फी स्टिक नेऊ देत नाहीत.

४. पोहोचणं

नावामुळे सगळे विम्बल्डन स्टेशन शोधतात. त्याहून जवळचं स्टेशन साउथफील्ड्स, ट्यूबच्या (लंडनच्या मेट्रोच्या) डिस्ट्रिक्ट लाइनवर; तिथून पंधरा-एक मिनिटं चालायचं. यजमानाने गाडी पाठवली नसेल तर ट्यूबच बरी, आणि पाठवली तरी ती गर्दीत अडकणारच.

५. जेवणाचा सापळा

पाहुणे इथेच फसतात. सेंटर कोर्टवर बहुतेक दिवशी खेळ दुपारी दीडला सुरू होतो. हॉस्पिटॅलिटीचं जेवण बाराच्या आसपास वाढायला लागतात, ग्लास भरत राहतात, गप्पा रंगतात, आणि मॅच सुरू होते तेव्हा महागड्या जागांवर रिकाम्या खुर्च्या दिसतात. टीव्हीवरही दिसतात. शेजारच्या विम्बल्डन पार्कमध्ये तिकिटासाठी तंबूत रात्र काढून रांग लावलेले लोक असतात. त्यांच्या नजरेने त्या खुर्च्यांकडे एकदा पाहा. गोड पदार्थ सोडा, पण सव्वाला उठा. यजमान रागावणार नाही. बहुतेकदा त्यालाही उठायचंच असतं, पाहुणा बसलाय म्हणून तोही बसतो.

खाण्यापिण्याचं आधीच कळवा : शाकाहारी, अंडं नको, जैन, जे असेल ते सविस्तर. मद्य घेत नसाल तर कुणी आग्रह करत नाही. घेत असाल तर लक्षात ठेवा, दिवस लांब आहे आणि शेजारी बसलेला माणूस उद्याही तुमच्याशी व्यवहार करणार आहे. स्ट्रॉबेरी-क्रीम खाच. केंटच्या स्ट्रॉबेरीचा तो वाडगा २०१० पासून २०२४ पर्यंत अडीच पौंडांनाच मिळायचा, २०२५ मध्ये तो २.७० झाला. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हिवाळ्यातली, त्यामुळे जुलैत ती ताजी खाण्याची मजा वेगळीच. (आषाढी एकादशी कधी कधी याच पंधरवड्यात येते. उपवासाला चालते का, ते घरी विचारून घ्या.)

६. खुर्चीत बसल्यावर

गेम चालू असताना जागेवर जाता येत नाही. खेळाडू बाजू बदलतात तेव्हाच स्वयंसेवक आत सोडतात. पॉइंट चालू असताना बोलू नका, उठू नका, फोन सायलेंट ठेवा. वानखेडेची सवय असलेल्यांना पहिला अर्धा तास जड जातो. टाळ्या चांगल्या फटक्याला. प्रतिस्पर्ध्याच्या डबल फॉल्टला (सर्व्हिस लागोपाठ दोनदा चुकली तर) नाही.

बाजू बदलताना खेळाडूंना दीड मिनिट मिळतं, तेवढंच तुम्हालाही. त्यात धंद्याची गोष्ट काढू नका, मुलांचं शिक्षण किंवा पाऊस पुरतो. कामाचं बोलणं निघालंच तर यजमानाला काढू द्या, आणि भाव, मुदत, सवलत यांवर तिथे शब्द देऊ नका. 'सोमवारी मेलवर बोलू' एवढंच पुरे. टेनिस फारसं कळत नसेल तर तसं सांगून टाका. समजावून सांगायला सगळ्यांना आवडतं. पुरुष एकेरी जास्तीत जास्त पाच सेटची असते, पाचव्या सेटमध्ये ६-६ झालं की १० पॉइंटचा टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा छोटा गेम. हा नियम २०२२ पासूनचा. पाचव्या सेटमध्ये टायब्रेक नव्हता तेव्हा, २०१० मध्ये, जॉन इस्नर आणि निकोलस माहू यांची मॅच तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालली होती.

मधल्या वेळात बाहेरच्या कोर्टांवर नक्की फिरा. तिथे खेळाडू हाताच्या अंतरावर असतात. ही मजा गाद्यांच्या खुर्चीतून मिळत नाही.

सेंटर कोर्टवर छप्पर आहे, त्यामुळे पावसातही खेळ रात्री ११ पर्यंत चालू शकतो. त्या रात्रीचं परतीचं विमान घेऊ नका. लवकर निघायचं असेल तर सेट संपल्यावर, यजमानाला सांगून.

७. परतल्यावर

दोन दिवसांत आभाराचा छोटा मेल टाका, त्यात एखाद्या मॅचचा उल्लेख असू द्या. फोटो सोशल मीडियावर टाकण्याआधी यजमानाला विचारा. त्याच्या इतर ग्राहकांना बोलावणं नसेल. ऑफिसच्या भेटवस्तू नोंदवहीत तारीख, यजमानाचं नाव आणि अंदाजे किंमत लिहा. निघताना हातात दिलेला लोगोचा टॉवेल आणि छत्रीसुद्धा त्याच नोंदीत येऊ द्या.