८०८५ चं किट माळ्यावरून काढलंत? मग या चुका टाळा

व्हायव्हात घाम फोडणारा ८०८५ मायक्रोप्रोसेसर चाळिशी उलटली की गोड वाटायला लागतो. वाटू द्या. १९७६ सालची चिप आहे, ५ व्होल्ट नीट दिले की आजही मुकाट्याने काम करते. पण हौशी मंडळी चुका मात्र त्याच करतात, ज्या पोरं लॅबमध्ये करायची.

सगळ्यांची लाडकी चूक डिले लूपची, म्हणजे वेळ काढायला मारलेल्या रिकाम्या फेऱ्यांची. बीसी या रजिस्टरजोडीत एफएफएफएफ (हेक्समध्ये, म्हणजे ६५५३५) भरायचं, डीसीएक्स बी ने त्यातून एक वजा करायचा, मग जेएनझेड, म्हणजे शून्य आलं नसेल तर परत मागे उडी, झालं काम! एकेरी रजिस्टरमधून एक वजा करणारा डीसीआर झीरो फ्लॅग (उत्तर शून्य आलं की सेट होणारी खूण) बदलतो, म्हणून डीसीएक्सही बदलत असणार, असं जो तो धरून चालतो. डीसीएक्स त्या फ्लॅगला हातही लावत नाही. इन्स्ट्रक्शनच्या तक्त्यात फ्लॅगचा रकाना असतो, तो वाचायचा कंटाळा.

प्रोजेक्ट प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या लॅबमध्ये एक गट आला. ८२५५ या इनपुट-आउटपुट चिपच्या पोर्टवर आठ एलईडी, एकामागून एक पळायला हवे होते. प्रत्यक्षात आठही मंद पेटलेले. पोरांनी ८२५५ बदलली, रेझिस्टर बदलले, सोल्डरिंग नव्याने केलं, पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. प्रोग्रामकडे कोणी पाहिलंच नाही, कारण तो सिनियरच्या जर्नलमधून उतरवलेला, म्हणजे बरोबरच असणार!

सुरुवातीला एक्सआरए ए होतं, अ‍ॅक्युम्युलेटर (मुख्य रजिस्टर ए) साफ करायला. त्याने झीरो फ्लॅग सेट झाला. पुढच्या एमव्हीआय (आकडा भरणं), आउट (पोर्टवर पाठवणं), आरएलसी (बिट डावीकडे फिरवणं), डीसीएक्स यांतलं कोणीच तो बदलत नाही. त्यामुळे जेएनझेड पहिल्याच फेरीत बाहेर, डिले फक्त नावाला, आणि दिवे इतके भराभर पळतात की डोळ्याला सगळे एकदम लागलेले दिसतात. एक्सआरए ए काढायला लावलं, तर पहिला दिवा लागून गाडी तिथंच ठप्प. आता फ्लॅग शून्य होता, तो शून्यच राहिला.

डीसीएक्स बी नंतर मूव्ह ए,सी आणि ओआरए बी घाला, म्हणजे बी आणि सी दोन्ही शून्य झाले की झीरो फ्लॅग सेट होतो, मग जेएनझेड. एका फेरीला २४ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके), म्हणजे ३ मेगाहर्ट्‌झला एफएफएफएफचा साधारण अर्धा सेकंद. एवढं केल्यावर आठही दिवे गुल! पॅटर्न ए मध्येच ठेवला होता, डिलेने त्याचं शून्य करून टाकलं. डिलेच्या सुरुवातीला पुश पीएसडब्ल्यू (ए आणि फ्लॅग स्टॅकवर जपून ठेवणं), परतीच्या आरईटीच्या आधी पॉप पीएसडब्ल्यू (ते परत घेणं) घातलं, तेव्हा कुठे दिवे पळाले. कोणती सबरूटीन (कॉलने बोलवायचा उपप्रोग्राम) कोणकोणती रजिस्टर बिघडवते, हे मी तिच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहितो. पोरांना तो वेळेचा अपव्यय वाटतो.

(डीसीएक्स शून्याखाली गेला की सेट होणारा एक फ्लॅग या चिपमध्ये आहे, पण इंटेलने तो मॅन्युअलमध्ये जाहीर केला नाही. फुशारकी मारायला ठीक, वापरू नका.)

हाताने असेंबल करताना, म्हणजे इन्स्ट्रक्शनचे ओपकोड (हेक्स आकडे) स्वतः लिहिताना, २००९ या पत्त्यानंतर २०१० लिहू नका, हेक्समध्ये २००ए येतं. पत्त्याचा खालचा बाइट आधी: एलएक्सआय एच, २०५० म्हणजे २१ ५० २०. वजाबाकीनंतर डीएए (उत्तर दशमानात आणणारी इन्स्ट्रक्शन) चालत नाही. ८२५५ ला कंट्रोल वर्ड (पोर्टची दिशा ठरवणारा बाइट) दिला नाही तर रिसेटनंतर तिचे सगळे पोर्ट इनपुटच असतात.

कॉल किंवा पुश वापरण्याआधी स्टॅक पॉइंटर (स्टॅक रॅममध्ये कुठे आहे तो पत्ता) भरा. इंटेलच्या मूळ एसडीके-८५ किटवर २००० ते २०एफएफ एवढीच २५६ बाइटची रॅम, त्यातही २०सी२ पासून पुढचा भाग मॉनिटर (किटचा स्वतःचा प्रोग्राम) वापरतो. स्टॅक तिथं घुसवलात तर किट बावचळतं आणि तुम्ही चिपला दोष देता. तुमच्या किटची रॅम कुठून सुरू होते ते आधी बघा, काहींची सी००० पासून असते.

सिम्युलेटरवर चाललं म्हणून किटवर चालेलच असं धरू नका. अनेक सिम्युलेटर सुरुवातीला रजिस्टर आणि फ्लॅग शून्य करून देतात, खऱ्या किटवर आधीचा कचरा तसाच असतो.

रिसेट दाबला तरी रॅममधला प्रोग्राम टिकतो, लाइट गेली की जातो. ओपकोड वहीत उतरवल्याशिवाय मी एक्झेक (प्रोग्राम चालवायचं बटण) दाबत नाही.