जुन्या गाडीचे सस्पेन्शन आणि ब्रेक घरी बदलताना या चुका टाळा

जुन्या गाडीत नवे शॉक ॲब्सॉर्बर, स्प्रिंग आणि ब्रेक बसवल्यावर पेडल मऊ लागणे, ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढणे किंवा खड्ड्यातून जाताना खट्ट असा आवाज येणे अशा तक्रारी सुरू झाल्या, की पहिला संशय नव्या मालावर जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा जोडणीत असतो, आणि काम तीन-चार मित्रांनी मिळून केले असेल तर तो सापडणे आणखी अवघड होते, कारण कोणता बोल्ट कोणी व किती आवळला हे नंतर कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

काही चुका तर खरेदीच्या वेळीच होतात. थकलेल्या शॉक ॲब्सॉर्बरवर आखूड आणि कडक स्प्रिंग चढवल्या, तर त्यांची उसळी आवरण्याची ताकद त्या शॉकमध्ये उरलेली नसते. फक्त पुढच्या चाकांना मोठे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लावले आणि मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) जुनाच ठेवला, तर मोठ्या पिस्टनना जास्त तेल लागत असल्यामुळे पेडल खोल जाते. शिवाय पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधला समतोलही बदलतो. गाडी जुनी असेल तर आधी सगळे बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी), बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारे सांधे), रबरी होज (ब्रेक ऑइलच्या लवचिक नळ्या) आणि ब्रेक ऑइल बदलून ती मूळ अवस्थेत आणावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यानंतर मोठ्या डिस्कची गरज वाटेनाशी होण्याची शक्यता बरीच असते.

गाडी सपाट आणि कठीण जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, जाऊ नये. गाडीखाली आधाराचे स्टँड लावून वजन त्यांवर उतरल्यावर गाडी हलवून पाहावी आणि मगच चाक काढावे. स्ट्रटच्या (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या जोडणीच्या) बाबतीत धोका वेगळा असतो: स्प्रिंग कंप्रेसरने पुरेशी दाबून ती वरच्या बैठकीतून सैल झाल्याखेरीज मधला नट सोडू नये, कारण दाबलेल्या स्प्रिंगमधली ताकद माणसाला गंभीर इजा करू शकते. हाच नट बसवताना शॉकचा चकचकीत दांडा पकडीने धरू नये. त्यावर ओरखडा पडला की वरची सील कापली जाते आणि नवा शॉक लवकरच तेल गाळू लागतो.

मित्रांची मदत असली की दोन्ही बाजू एकाच वेळी उघडण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण एक बाजू जोडलेली राहिली तर कोणता वॉशर कुठे आणि होज कोणत्या वळणाने जाते, हे डोळ्यांसमोर राहते. टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने, म्हणजे टॉर्कने, आवळण्याचा पाना) एकाच माणसाच्या हाती द्यावा आणि त्याने शेवटचा आवळ दिलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ ओढावी. रेघ नसलेला बोल्ट सैल समजावा.

सस्पेन्शनमधली सर्वांत जास्त दुर्लक्षित चूक बुशची आहे. लोअर आर्मचा (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश बहुधा आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेला असतो, म्हणजे आर्म वर-खाली होताना रबर स्वतः पिळवटते. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबर त्याच स्थितीत पकडले जाते; गाडी जमिनीवर उतरली की ते कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश काही महिन्यांत फाटू शकतो. म्हणून हे बोल्ट आधी हाताने लावावेत आणि गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच ठरलेल्या टॉर्कला आवळावेत.

ब्रेकच्या कामात कॅलिपर होजवर लटकत सोडू नये; तारेने स्प्रिंगला बांधून ठेवावा. पॅडची जुनी धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण फार जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे आणि हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसते त्या भागाचा) पृष्ठभाग तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करावा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही काळाने पेडलला धडधड जाणवू लागते. ब्रेक ऑइल डॉट ३, डॉट ४ किंवा डॉट ५.१ या प्रतींपैकी गाडीला सांगितलेलेच वापरावे. डॉट ५ सिलिकॉनचे असते आणि ते या तिन्हींत मिसळू नये. ही तिन्ही ऑइल हवेतला ओलावा शोषतात, म्हणून बरेच दिवस उघडा राहिलेला डबा वापरू नये.

ब्रेक ऑइलमधली हवा कितीही वेळा काढली तरी पेडल मऊच राहत असेल, तर कॅलिपरचे निपल (हवा बाहेर सोडण्याचा छोटा स्क्रू) कुठे आहे ते पाहावे. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला की निपल खाली येते, आणि हवा वरच्या पोकळीत अडकून बसते. निपल नेहमी वरच्या टोकाला असले पाहिजे. हवा काढताना पेडलवरच्या माणसाने “दाबलं” म्हटल्यावरच निपल उघडावे आणि ते बंद झाल्याचे ऐकल्याखेरीज पाय उचलू नये. पेडल तळापर्यंत जाऊ नये म्हणून खाली लाकडी ठोकळा ठेवावा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये एरवी न वापरल्या जाणाऱ्या भागात गंज असू शकतो आणि पेडल तळाला गेले की सील त्यावर घासून फाटू शकते. पेडल दोन-चारदा दाबल्यावर घट्ट होत असेल तर बहुधा आत हवा आहे. पाय स्थिर ठेवूनही ते हळूहळू खाली बसत असेल तर गळती किंवा मास्टर सिलिंडरची सील तपासावी.

एखादे चाक तापत असेल तर ते उचलून फिरवून पाहावे आणि जाम असल्यास निपल थोडे उघडावे. लगेच सुटले तर दाब मागे अडकला आहे, आणि जुन्या गाडीत याचे नेहमीचे कारण म्हणजे आतून फुगून बंद झालेली होज. तरीही सुटले नाही तर पिस्टन किंवा सरकपिना (ज्यांवर कॅलिपर पुढे-मागे सरकतो त्या पिना) अडकल्या आहेत.

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबावे, कारण पॅड बदलल्यावर पिस्टन मागे ढकललेले असतात आणि पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात फेरी मारावी, व्हील अलाइनमेंट करून घ्यावे आणि साधारण ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत.