हिवाळी चिनूक कसा धरावा: सगळं काम तळालगत

जानेवारी ते मार्च या दिवसांत कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या हाउ साउंड या खाडीत चिनूक हा सॅल्मन मासा पहिल्यांदा गरवायला निघालेल्या माणसाला सगळे रंगाचाच सल्ला देतात. हिरवा चमचा (माशाला भुलवणारी चमच्यासारखी धातूची पट्टी) लावा, काल जांभळा चालला, ढगाळ असेल तर पांढरा. त्याचा गळ पाण्यात किती खोल आहे हे मात्र कोणी विचारत नाही. हिवाळ्यात मासा मिळणं न मिळणं त्यावरच ठरतं.

उन्हाळ्यात फ्रेझर नदीकडे निघालेला चिनूक सॅल्मन वाटसरू असतो. कधी वरच्या थरात, कधी मधल्या, तो पुढे सरकत राहतो. हिवाळ्यातला चिनूक अजून वयात आलेला नसतो. त्याला नदीची घाई नाही, तो फक्त खातो. तारलीच्या नात्यातलं हेरिंग आणि वाळूत दडणारे सुईसारखे बारीक मासे हे त्याचं अन्न, आणि थंडीत ते बहुतेक तळाशी किंवा उतारांच्या कडेला सापडतं. म्हणून चिनूकही तिथेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हँकुव्हर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर हेरिंग अंडी घालायला जमतं, तेव्हा चिनूकचं खाणं आणखी वाढतं.

परवाना, त्यावर सॅल्मनचा शिक्का, बिनकाट्याच्या (टोकाला उलटा दात नसलेल्या) गऱ्या, उबदार कपडे, लाइफजॅकेट हे तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. आदल्या रात्री कॅनडाच्या मत्स्यखात्याच्या साइटवर क्षेत्र २८ चे, म्हणजे हाउ साउंड ज्यात येतं त्या मासेमारी क्षेत्राचे, नियम वाचा. अलीकडच्या वर्षांत इथे १ एप्रिलनंतर चिनूक ठेवण्यावर कडक बंधनं येत आली आहेत, त्यामुळे मार्चअखेर हीच साधारण सीमा. रॉकफिश या तळाच्या माशासाठी राखीव पट्ट्यांत सॅल्मनसाठीही होडीमागे गळ ओढता येत नाही, आणि हाउ साउंडमध्ये असे पट्टे बरेच आहेत. ते नकाशावर आधीच आखून ठेवा.

वाऱ्याचा अंदाज मात्र दोनदा बघा. थंडीची लाट आली की खाडीच्या वरच्या टोकाच्या स्क्वामिश गावाकडून सुटणारा वारा लहान होडीला झेपत नाही. अंदाजात तो दिसला तर घरी थांबा, यावर मी वाद घालत नाही.

साहित्य थोडक्यात: डाउनरिगर (तारेने जड गोळा खोल सोडणारं होडीवरचं चाक), १२ ते १५ पौंडांचा शिशाचा गोळा, ११ इंची फ्लॅशर (फिरत चमकणारी पट्टी), त्यामागे पाच-सहा फूट लीडर (जोडदोरी) आणि साडेतीन इंची सडपातळ चमचा. दीडशे फुटांखाली उजेड जेमतेम पोचतो, म्हणून अंधारात चमकणारा पट्टा असलेला घ्या. रंगाबद्दल माझं म्हणणं एवढंच. गळ गोळ्याच्या पंधरा-वीस फूट मागे राहील अशी दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवा; मासा लागला की ती सुटते. यापेक्षा लांब सोडलं तर वळताना सगळं तळात रुतेल.

जागा म्हणाल तर बोवेन बेटाचं दक्षिण टोक आणि वर्लकोम्ब बेटाच्या आसपासचे उतार. भरती-ओहोटीचा पालट व्हायच्या आधी तासभर तिथे पोचा. पाणी थबकतं आणि पुन्हा चालू लागतं, त्या वेळात चिनूक सगळ्यात जास्त खातो.

आता खरं काम. हा टप्पा हाताशी यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि याच टप्प्याबद्दल लोक एका वाक्यात सांगून मोकळे होतात: "गोळा तळाशी ठेवा." पण तळाशी आहे हे कळायचं कसं?

डाउनरिगरचा आकडा सुटलेल्या तारेची लांबी सांगतो, खोली नाही. होडी चालली की पाणी गोळ्याला मागे ढकलतं आणि तार तिरपी होते. तार उभ्या रेषेपासून ३० अंश कलली असेल तर २०० फूट तार सोडूनही गोळा सुमारे १७३ फुटांवर असतो. ४५ अंशांवर तोच गोळा जेमतेम १४१ फुटांवर. तळ १८० फुटांवर असेल तर ३० अंशवाल्याचा गळ तळापासून सात फूट वर फिरतोय आणि ४५ अंशवाल्याचा जवळपास चाळीस फूट. आकडा दोघांनाही सारखाच दिसतो.

म्हणून मी आकड्यावर विसंबत नाही. होडी ओढीच्या वेगात आणायची, गोळा हळूहळू सोडायचा, तळाला टेकला की तार क्षणभर सैल पडते आणि डाउनरिगरचा दांडा सरळ होतो. तिथून पाच ते आठ फूट वर घ्यायचा. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा टेकवून बघायचं, पुन्हा वर घ्यायचं. दिवसभर. कंटाळवाणं आहे, पण गोळा ९० फुटांवर सोडून थर्मास उघडणाऱ्यांच्या होड्या मी संध्याकाळी रिकाम्या परतताना बघतो.

वेग जीपीएसवर ठरवू नका. "अडीच नॉट ठेवा" हा सल्ला मला अजिबात पटत नाही, कारण जीपीएस जमिनीच्या हिशेबाने वेग सांगतं आणि गळ चालतो पाण्यात. प्रवाहाविरुद्ध अडीच नॉट आणि प्रवाहासोबत अडीच नॉट यांत गळाच्या दृष्टीने प्रचंड फरक पडतो. त्यापेक्षा तारेचा कोन सारखा ठेवा आणि रॉडचं टोक बघा. फ्लॅशर नीट फिरत असेल तर टोक एका ठेक्यात हलतं. ठेका बिघडला की शेवाळ अडकलंय किंवा छोटा मासा लागलाय. लगेच वर घ्या, ६२ सेंटिमीटरखालच्या माशाला तासभर फरफटवून मारू नका. हे माप नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत घ्यायचं.

उताराला आडवं जाऊ नका, एकाच खोलीची रेषा धरून समांतर चला. वळताना आतल्या बाजूचा गोळा मंदावतो आणि बुडतो, बाहेरचा वेग घेऊन वर येतो. म्हणून वळण्याआधी आतला दहा-पंधरा फूट उचला, आणि मोठा वळसा घ्या.

गोळा अडकला तर तार हाताने धरू नका, बोटं जातील. ब्रेक सैल करा, इंजिन न्यूट्रलला टाका, मग सावकाश गोळ्याच्या मागच्या बाजूला जाऊन उलट दिशेने ओढा. सोबत्याची नजर तारेवर हवी, नाहीतर ती पंख्यात जाते. कोलंबीच्या सापळ्यांचे तरंगते बोये दिसले की दुरूनच वळा.

तळालगत ओढताना रॉकफिश लागतोच. दाबाच्या फरकाने तो फुगतो आणि नुसता सोडला तर वर तरंगत मरतो. ठेवायचा नसेल तर त्याला वजन लावलेल्या उलट्या गरीने पुन्हा खोलवर पोचवणं ही परवान्याचीच अट आहे. ते साधन खोक्याच्या तळाशी ठेवू नका, हाताशी ठेवा.

चिनूक लागला की क्लिप सुटते. ढील पटकन गुंडाळा, कारण बिनकाट्याच्या गरीला सैल दोरी चालत नाही. जाळं डोक्याकडून घाला. ठेवायचा मासा लगेच परवान्यावर नोंदवा, कल्ले कापून रक्त काढा आणि बर्फात घाला. डोकं-शेपूट घरी पोचेपर्यंत तसंच राहू द्या, माप तपासता आलं पाहिजे. ऑर्का (किलर व्हेल) दिसले तर सगळे गळ वर घ्या आणि लांब व्हा. इथल्या मासे खाणाऱ्या ऑर्कांचंही चिनूक हेच मुख्य अन्न आहे.

पहिल्या माशाचं पोट होडीतच उघडून बघा. हेरिंग निघालं तर चमचा तेवढ्या लांबीचा लावा. बारीक सुईसारखे मासे निघाले तर तीन इंची घ्या आणि गोळा तळाच्या आणखी दोन फूट जवळ आणा.