आधी जोर, मग नेम: पहिली-दुसरीच्या मुलांना फेकायला शिकवताना

पहिलीच्या मुलांपुढे बादली ठेवून "हिच्यात चेंडू टाका" म्हणून बघा. मुलं बादलीकडे तोंड करून उभी राहतात, कोपर पोटाशी घेतात आणि चेंडू हळूच ढकलतात. चेंडू बादलीत पडतोही, पण ते फेकणं नव्हे. नेम चुकेल या धास्तीने मूल अंग चोरतं आणि मग तीच सवय लागते. म्हणून सुरुवातीला मी नेमबाजी ठेवतच नाही. मोकळी भिंत दाखवते आणि सांगते, "हाणा जोरात! भिंत पडली तर मी बघून घेईन."

चेंडू टेनिसच्या चेंडूएवढा हवा, बोटांत मावणारा. मोठा दिला की मुलं दोन्ही हातांनी छातीपासून ढकलायला लागतात. मला स्वतःला मोज्यांचे गोळे सगळ्यात आवडतात. लागत नाहीत, घरंगळत नाहीत, त्यामुळे तास पळापळीत जात नाही. रद्दी कागदाचा गोळा करून वर चिकटपट्टी गुंडाळली तरी चालतं. मात्र प्रत्येकाच्या हातात एक हवाच. रांग लावून एकेकाला फेकायला दिलं तर मुलं फेकतात कमी आणि भांडतात जास्त.

फक्कीची एक रेघ मारा. सगळ्यांनी रेघेमागून, एकाच दिशेला फेकायचं. एक शिट्टी म्हणजे फेका, दोन शिट्ट्या म्हणजे आणायला जा. यात सूट नाही.

आता खरी मेख पायात आहे. उजव्या हाताने फेकताना डावा पाय पुढे यायला हवा. पाच-सहा वर्षांची पुष्कळ मुलं उजवाच टाकतात. त्यात त्यांची चूक नाही, वाढीतला तो एक टप्पाच असतो. पण कुणी दाखवलं नाही तर काही जण मोठेपणीही तिथेच अडकलेले दिसतात. "डावा पाय, डावा पाय" असं ओरडून उपयोग नाही. त्या वयात डावं-उजवं पक्कं झालेलं नसतं. मी फेकायच्या हाताला काही बांधत नाही. दुसऱ्या हाताच्या मनगटाला आणि त्याच बाजूच्या घोट्याला रिबन बांधते. मग सूचना एकच: "रिबनवाला खांदा भिंतीकडे, रिबनवाला पाय पुढे." डावखुऱ्यांनाही हीच सूचना लागू पडते, त्यांना वेगळं काढून शिकवावं लागत नाही. त्यांच्यासाठी एकदा स्वतः डाव्या हाताने फेकून दाखवा. वेडंवाकडं जाईल, मुलं हसतील, हसू द्या.

तरीही काहींचा पाय उशिरा येतो. एक मुलगी चेंडू हातातून सुटल्यावर मग पाय टाकायची, काहीतरी राहून गेलं होतं ते आठवल्यासारखा. तिला म्हटलं, आडवी उभी राहा आणि रिबनवाला पाय बगळ्यासारखा उचलून धर. आता "धप्प" म्हणत पाय आपट आणि "सुईं" म्हणत फेक. दोन-चार फेकींत कंबर आपोआप वळायला लागली. कंबर वळव असं मी तिला सांगितलंच नव्हतं.

हाताबद्दल फार बोलू नका. हात मागे, कोपर खांद्याच्या उंचीला, आणि फेकून झाल्यावर तोच हात खाली दुसऱ्या गुडघ्याकडे जाऊ द्यायचा. पण एका तासाला यातली एकच गोष्ट घ्या. सगळं एकदम सांगितलं की मूल पुतळा होतं.

रेघ किती लांब? जोर लावल्याशिवाय चेंडू भिंतीला लागणार नाही इतकी. आरामात पोचायला लागला की पुन्हा ढकलणं सुरू होतं. मग रेघ पाऊलभर मागे घ्या. तुम्ही स्वतः बाजूला उभ्या राहा आणि एका फेरीत सगळ्यांचे फक्त पाय बघा. चेंडू कुठे गेला याकडे लक्षच देऊ नका.

आणि "मुलीसारखं काय फेकतोस" हे वाक्य मैदानावर बंद. ज्याच्या हातात कुणी कधी चेंडू दिला नाही ते मूल तसंच फेकतं, मुलगा असो की मुलगी.

फेक मोकळी झाली की मग नेम. तेव्हाही रिकामी खोकी रचून ठेवा आणि पाडायला सांगा, म्हणजे जोर टिकतो. दोघांत फेकाफेकी-झेलाझेली मात्र घाईने आणू नका. समोर मित्र असला की त्याला लागेल म्हणून हात आखडतो. झेल वेगळा शिकवा, आणि जोडीत खेळायचंच असेल तर खालून फेकायला सांगा: हात गुडघ्याजवळून झुलवत पुढे, पाय तोच रिबनवाला, चेंडू कंबरेच्या आसपास सोडायचा. उशिरा सोडला की तो डोक्यावरून उडतो, हे मुलं स्वतःच हसत हसत शोधून काढतात.

खांदा दुखतो म्हणणाऱ्या मुलाला मात्र त्या दिवशी फेकू देऊ नका. त्याच्या हातात शिट्टी द्या.