कुत्रा घर फाडून राहिला? आधी या चुका टाळा

"आमचा कुत्रा मुद्दाम बदला घेतो" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता मी सरळ विचारतो, दिवसभर त्याला काम काय असतं? म्हणतात काम कसलं, खातो अन् झोपतो. बस, तिथंच सगळं आलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे घरी आल्यावर रागावणं. मी स्वतः केलीय म्हणून सांगतो. मे महिना, बाहेर 45 डिग्री, आमचा बंड्या, लॅब म्हणजे लॅब्राडोर, तेव्हा 11 महिन्यांचा, घरात एकटा. संध्याकाळी दार उघडलं तर कुलरची ताटी उपसून हॉलभर केलेली, गवत सोफ्यावर, गवत देवघरात, अन् पंपाची वायर अर्धी सोललेली. दुपारी लाइट गेली होती म्हणून पोट्टं वाचलं, लाइट गेल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला. मी त्याला ओढत कुलरपाशी नेलं, ओरडलो, तो कान पाडून डोळे चोरून बसला. बायको म्हणे, पाहा, समजलं त्याला.

काही समजलं नव्हतं. 2009 साली कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या अलेक्झांड्रा होरोविट्झ या बाईंनी नेमका यावरच प्रयोग केला. मालकानं नको म्हटलेला खाऊ खाल्लेला असो की नसो, मालक रागावला की कुत्रा तोच अपराधी चेहरा करायचा, उलट ज्यांनी खाल्लंच नव्हतं ते जास्त करायचे. म्हणजे तो चेहरा आपल्या आवाजाला घाबरून होतो. आमच्याकडे तेच झालं, गाडी स्टँडवर लावल्याचा आवाज आला की बंड्या आधीच कोपऱ्यात, काही केलेलं नसलं तरी. ताटी मात्र दुसऱ्या आठवड्यात परत गेली. रागवायचंच तर वस्तू तोंडात असताना, तेही नुसतं "ए", अन् लगेच त्याचं चावायचं खेळणं पुढे करायचं.

मग मी काय केलं? जेवणाचं भांडं माळ्यावर टाकलं. सकाळचं खाणं जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून, नाहीतर पार्सलच्या खोक्यात कागदाचे बोळे भरून त्यात लपवून (टेप अन् पिना आधी काढा बाप्पा). भांड्यात दिलं की एका मिनिटात साफ, असं दिलं की वीस मिनिटं नाक चालतं, अन् त्यानंही तो चांगला थकतो. दुपारी स्टीलच्या वाटीत साधं दही जमवून फ्रीझरमधून. लॅब हा मुळात मच्छीमारांची जाळी अन् मासे तोंडात धरून आणणारा कुत्रा, त्याला तोंडात काहीतरी पाहिजेच, ते तुम्ही नाही दिलं तर तो स्वतः शोधतो.

जुनी चप्पल खेळायला देणं हा दुसरा लाडका मूर्खपणा. त्याला जुनी अन् नवी कोल्हापुरी यातला फरक कळावा अशी अपेक्षा, पण चामड्याचा वास दोन्हीला सारखाच येतो, मग रडता कायले?

सोफ्याला तिखट लावणाऱ्यांशी मी बोलतच नाही. तेच तिखट पंज्यानं डोळ्यात जातं.

रविवारच्या सावजी मटणाची हाडं "टाइमपास" म्हणून देऊ नका, शिजलेलं हाड चिरफळतं, अन् मसाल्यातला कांदा-लसूण त्यांना विषारी.

अॅक्टिव्हाला बांधून पळवणं, तेही सकाळी नऊ वाजता! उलटा हात रस्त्यावर पाच सेकंद ठेवून पाहा, नाही ठेवता आला तर त्याचे पंजेही भाजणार. आम्ही उन्हाळ्यात पहाटे पाचला नागपुरातल्या सेमिनरी हिल्सकडे जातो, अन् हुंगू देतो. एका झाडापाशी पाच मिनिटं थांबला तर थांबू दे ना, त्याचा पेपर वाचणं चालू असतं.

चार ते सात महिन्यांचं पिल्लू चावणारच, दात येऊन राहिलेत, फडकं ओलं करून गोठवून द्या, पण देऊन दुसऱ्या खोलीत जाऊ नका, गिळतात. खेळणी सगळी एकदम नको, तीन बाहेर, बाकी कपाटात.

अन् हो, सगळंच कंटाळ्यानं नसतं. फक्त दार-खिडकीच ओरबाडतो, लाळ गळते, तुम्ही निघाल्यावर लगेच सुरू होतो, असं असेल तर तो एकटेपणाला घाबरतोय. निघताना जुना मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवा अन् तो व्हिडिओ डॉक्टरला दाखवा. तिथं माझा टॉवेल कामाचा नाही.